गेममध्ये सगळे चोराच्या बाजूने, पण जुईनगरच्या लॉकरवाल्यांचं काय?

एक बँक आहे. जवळच एक रिकामा गाळा आहे. तुमच्याकडे चार माणसं, दोन पहारी आणि दोन दिवसांची सलग सुट्टी आहे. पुढे काय कराल?

अ) गाळा भाड्याने घ्याल.
ब) बँकेच्या वॉचमनशी ओळख वाढवाल.
क) हा उद्योग सोडून घरी जाल.

क कुणी निवडत नाही. निवडला तर गेम तिथेच संपतो आणि गेम उघडलाय तो काही घरी जायला नाही.

इंटरॅक्टिव्ह फिक्शन नावाचा गेमचा एक जुना प्रकार आहे, तो असाच चालतो. ग्राफिक्स नाहीत, बंदुका नाहीत, गाड्यांचा पाठलाग नाही. स्क्रीनवर फक्त मजकूर येतो. तुम्ही वाचता, काय करायचं ते ठरवता आणि गोष्ट त्याप्रमाणे पुढे सरकते. यातले बरेच गेम तास-दीड तासात संपतात. त्यात एक लाडका विषय म्हणजे ठरवून, आखून केलेली मोठी चोरी. इंग्रजीत ज्याला हाइस्ट म्हणतात तो प्रकार.

याला मराठीत नेमका शब्द नाही. आपण सरसकट 'दरोडा' म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं आणि जबरदस्ती लागते. कुणाच्याही अंगाला हात न लावता रात्री भिंत फोडून माल नेला तर ती 'घरफोडी'. म्हणजे नेटफ्लिक्सवर जे बघून आपण स्टेटस टाकतो, त्यातला मुखवटे घालून ओलीस धरण्याचा प्रकार दरोड्यात बसेल; पण भुयारवाल्यांचं काम पोलीस स्टेशनच्या कागदावर घरफोडीच राहील. ऐकायला अगदीच साधं वाटतं, पण आहे तसं.

आणि वर लिहिलेला अ हा पर्याय आम्ही मनाने बनवलेला नाही. २०१७ मध्ये नवी मुंबईत तो कुणीतरी खरोखर निवडला होता. त्याकडे येऊच. आधी गेमचं बघू.

खेळणारे काय म्हणतात?

या प्रकारच्या गेम्सची एक वार्षिक स्पर्धा आहे, आयएफकॉम्प. १९९५ पासून ती दरवर्षी होते. परीक्षक म्हणजे कुणी मोठे तज्ज्ञ नाहीत, साधे खेळणारे लोक. नियम असा की जास्तीत जास्त दोन तास खेळायचं आणि तेवढ्यावर एक ते दहा गुण द्यायचे. २०१८ साली या स्पर्धेत पहिला आलेला गेम चोरीवरचाच होता, 'एलियस द मॅगपाय'. त्यात तुम्ही एक सभ्य, सुटाबुटातले चोर असता आणि एका इंग्रज सरदाराच्या हवेलीत वेगवेगळी सोंगं घेऊन शिरता. २०२१ मध्ये आलेला 'लेडी थालिया अँड द सेरास्कियर सफायर्स' हा दुसरा गाजलेला गेम. इथे चोर एक बाई आहे, काळ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लंडनचा आहे. तिजोरी फोडण्याइतकंच महत्त्व समोरच्या माणसाशी कसं बोलायचं याला आहे.

अशा गेम्सबद्दल खेळणारे लिहितात तेव्हा दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

पहिली म्हणजे प्लॅन. चोरी करण्यापेक्षा चोरीची तयारी करण्यात लोकांना जास्त मजा येते. नकाशा बघणं, पहारेकऱ्याची वेळ टिपणं, कोणती सोंगं घ्यायची ते ठरवणं. आणि प्लॅन ऐन वेळी फिसकटला की आणखी मजा. सगळं सुरळीत पार पडणारी चोरी खेळणाऱ्याला सपक वाटते. जरा विचार केला तर सिनेमातही तेच असतं. प्लॅन आधी सविस्तर सांगितला की समजायचं, हा फसणार.

दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार, आणि ती रास्त आहे: 'मी काहीही निवडलं तरी तेच होतं.' तीन पर्याय दिसतात, पण तिन्ही रस्ते शेवटी त्याच खोलीत जातात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१८ मध्ये 'ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच' आणला तेव्हाही प्रेक्षकांची मोठी कुरबुर हीच होती. अर्थात त्या गोष्टीचा विषयच 'निवड खरी असते का' हा होता, त्यामुळे त्यांना पळवाट होती. बाकीच्यांना ती नाही. चोरीच्या गेममध्ये तर ही लबाडी लगेच पकडली जाते, कारण खेळणारा त्यात येतोच डोकं लढवायला.

तिसरी तक्रार टाईप करून खेळायच्या गेम्सची. यात पर्यायावर क्लिक करायचं नसतं, हुकूम लिहायचा असतो. गेमला 'दार उघड' कळतं, पण 'दार ढकल' म्हटलं की तो हात वर करतो. डोक्यात उत्तर बरोबर असतं आणि अडतं ते शब्दावर. या एका कारणाने कित्येक जण पहिल्या दहा मिनिटांत गेम बंद करतात.

इथे मराठीचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. असा टाईप करायचा गेम मराठीत बनवायचा तर काय होईल? 'किल्लीने कपाट उघड', 'कपाट किल्लीनं उघड', 'कपाटाला किल्ली लाव'. तिन्हीचा अर्थ एकच, पण शब्दांची जागा वेगळी, प्रत्यय वेगळे. कुलूपचं 'कुलपाला' होतं, भिंतचं 'भिंतीला' होतं, म्हणजे मूळ शब्दच रूप बदलतो. इंग्रजीसाठी तयार झालेली यंत्रणा इथे गार पडेल. बरं, गेमने आपल्याला तू म्हणायचं की तुम्ही? तू म्हटलं तर 'आत गेलास' की 'आत गेलीस' हेही आधी ठरवावं लागेल. इंग्रजीतल्या 'यू'ला या भानगडी नाहीत. आमच्या मते गेमने खेळणाऱ्याला तुम्ही म्हणावं आणि गँगमधल्या पोरांनी एकमेकांना तू. 'तुम्ही पहार आणलीत का?' असं विचारणारी गँग चार दिवसांत पकडली जाईल.

क्लिक करून खेळायच्या गेम्सना ही अडचण नाही. ट्विन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, २००९ मध्ये आलेलं. त्यात बनवलेला गेम म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल. देवनागरी त्यात सरळ चालते.

आता या सगळ्या मतांमध्ये एक माणूस जवळपास कुठेच नसतो. ज्याचं चोरीला गेलं तो.

लेखक ही सोय आधीच करून ठेवतात. हवेलीचा मालक शिष्ट असतो, नाहीतर हिरा मुळात दुसऱ्याच कुणाचा तरी लुटलेला असतो, नाहीतर लुटायचं असतं सरकारी टांकसाळीला. म्हणजे ज्याचं गेलं त्याच्याबद्दल वाईट वाटायची वेळच येऊ द्यायची नाही. खेळणाऱ्यांचीही त्याला काही हरकत नसते, उलट गडी सभ्य आहे, कुणाला इजा करत नाही, म्हणून गुण जास्त मिळतात.

जुईनगरला काय झालं होतं?

१३ नोव्हेंबर २०१७, सोमवार. जुईनगर सेक्टर ११ मधली बँक ऑफ बडोदाची शाखा उघडली. आदल्या दिवशी रविवार आणि त्याआधी ११ तारखेला दुसरा शनिवार, म्हणजे बँक सलग दोन दिवस बंद. लॉकर रूममध्ये जमिनीला भगदाड पडलेलं होतं आणि सुमारे ३० लॉकर फोडलेले होते. शाखेत एकूण दोनशेहून जास्त लॉकर होते.

भगदाडाचं दुसरं टोक त्याच इमारतीतल्या एका गाळ्यात निघालं. काही महिने आधी तो गाळा भाड्याने घेऊन तिथे बालाजी नावाने जनरल स्टोअर्स थाटलं होतं. दुकान खरंच चालायचं. आत जमिनीखाली भुयार खणलं जात होतं. त्याची लांबी त्या वेळच्या बातम्यांत वेगवेगळी आली, कुणी २५ फूट लिहिलं, कुणी ४०. चोरीला गेलेल्या ऐवजाचा आकडाही पहिल्या दिवसापासून वाढत गेला आणि काही कोटींवर गेला. तो का वाढत गेला, ते पुढे येईल.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे कसं लक्षात आलं नाही, असं बाहेरचा माणूस विचारेल. राहणारा विचारणार नाही. सिडकोच्या नोडमधली कुठलीही इमारत बघा. तळमजल्यावर ओळीने गाळे, वर फ्लॅट. आज मोबाईलचं दुकान, सहा महिन्यांनी तिथे चायनीज, वर्षाने पोळी-भाजी केंद्र. नवा माणूस आला की आधी फरशी उखडतो, ड्रिल मशीन लावतो, आठवडाभर धूळ. आपण खिडकी बंद करतो. चौकशी कुणी करत नाही. या शहरात भुयार लपवायला दुकानाच्या पाटीइतकी चांगली जागा नव्हती.

तेव्हा सगळ्यांना सिनेमे आठवले. 'मनी हाइस्ट'चंही नाव पुढे अशा चोऱ्यांबरोबर सर्रास जोडलं जाऊ लागलं. जुईनगरपुरतं ते चुकीचं आहे. ती मालिका स्पेनमध्ये मे २०१७ मध्ये सुरू झाली, पण जगभरात नेटफ्लिक्सवर आली डिसेंबर २०१७ मध्ये. तोवर जुईनगरचे लॉकर फुटून गेले होते.

खरं म्हणजे शेजारी दुकान टाकून खाली भुयार खणण्याची ही युक्ती फार जुनी आहे. शेरलॉक होम्सच्या १८९१ च्या एका कथेतही जवळपास तीच आहे. १९७१ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर चोरांनी चामड्याच्या वस्तूंचं दुकान भाड्याने घेऊन लॉइड्स बँकेच्या तिजोरीपर्यंत खणलं. म्हणजे होम्सच्याच रस्त्यावर. २००५ मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात बागकामाची कंपनी असल्याचं भासवून मध्यवर्ती बँकेखाली जवळपास ८० मीटरचं भुयार गेलं. बागकामाची कंपनी, म्हणजे मातीच्या गोण्या भरून नेल्या तरी कुणी विचारणार नाही. आपल्याकडे हरियाणात, गोहान्याला ऑक्टोबर २०१४ मध्ये पंजाब नॅशनल बँकेखाली सुमारे सव्वाशे फुटांचं भुयार सापडलं. सिनेमाचा हात खरोखर दिसला तो केरळमध्ये. २००७ च्या वर्षअखेरीस चेलेंब्राला बँकेच्या खालचा मजला हॉटेल काढायचं म्हणून भाड्याने घेऊन वरच्या स्ट्राँगरूमला भोक पाडलं होतं, आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे कल्पना आली होती 'धूम'वरून.

जुईनगरच्या चोरीत नवी मुंबई पोलिसांनी पुढच्या काही आठवड्यांत आरोपी पकडले, काही मालही परत मिळवला. सगळा नाही.

आता हीच चोरी गेम म्हणून बघा. खेळणाऱ्याला हवं ते सगळं आहे. सोंग आहे, भुयार आहे, दोन दिवसांचं घड्याळ आहे. आणि तरी हा गेम कुणी शेवटपर्यंत खेळला नसता, कारण यातले कित्येक महिने काऊंटरवर बसून बिस्किटं विकायची आहेत. 'गिऱ्हाईक आलं. साबण मागतंय. द्याल का?' असले दोनशे स्क्रीन. गेम हा भाग गाळतो, ते बरोबरच आहे. पण तो गाळला की चोरी चार हुशार लोकांची करामत वाटू लागते. प्रत्यक्षात ती बरीचशी दम धरण्याची आणि शेजारचे लक्ष देत नाहीत यावर विसंबण्याची गोष्ट होती.

दुसरा शनिवार आणि कॉसमॉस

जुईनगरनंतर नऊ महिन्यांनी महाराष्ट्रात याहून कितीतरी मोठी चोरी झाली. तिच्यात एक वीटही हलली नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, बँकेच्या यंत्रणेत घुसलेला मालवेअर प्रत्येक वेळी 'द्या' म्हणत होता. त्यानंतर जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले.

पैसे काढायला सुरुवात झाली तो दिवस होता ११ ऑगस्ट, शनिवार. महिन्याचा दुसरा शनिवार. जुईनगरला ११ नोव्हेंबर, इथे ११ ऑगस्ट. तारीख जुळली तो योगायोग, वार जुळला तो मात्र नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. ज्यांना दोन दिवस हवेत, त्यांना कॅलेंडर पाठ असतं.

कॉसमॉस प्रकरणात २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ते मुख्यतः एटीएमपुढे उभे राहून पैसे काढणारे. गेमच्या भाषेत बोलायचं तर प्यादी सापडली, खेळवणारा नाही.

यात ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असं बँकेने लगेच सांगितलं. पैसे बँकेचे गेले. जुईनगरला नेमकं उलटं होतं. लॉकरमधलं सोनं बँकेचं नव्हतंच.

मग लॉकरवाल्याला काय मिळतं?

लॉकरमध्ये तुम्ही काय ठेवलंय हे बँकेला माहीत नसतं. तशी नोंद बँक ठेवत नाही. म्हणून चोरीनंतर एकेक लॉकरधारक येऊन आपलं काय गेलं ते सांगतो आणि पोलिसांचा आकडा तसतसा वाढत जातो. ज्या काकूंनी तीस वर्षांत एकेक करून केलेल्या बांगड्या ठेवल्या होत्या, त्यांना आता त्या होत्या हेच सिद्ध करायचं असतं. सासूने दिलेल्या पोहेहाराची पावती कुणाकडे असते?

जुईनगरच्या घटनेच्या पाचच महिने आधी, जून २०१७ मध्ये, एका माहिती अधिकार अर्जाच्या उत्तरातून कळलं होतं की लॉकरमधल्या वस्तूंची जबाबदारी रिझर्व्ह बँक आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या १९ बँका घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, आमचं नातं घरमालक आणि भाडेकरूचं. घरमालक भाडेकरूच्या कपाटाची हमी देतो का?

हे बदललं ते एका वेगळ्याच प्रकरणामुळे. कोलकात्याच्या एका ग्राहकाचा लॉकर युनायटेड बँक ऑफ इंडियाने त्याला न कळवता फोडला होता. १९ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात सांगितलं की बँकांना असे हात झटकता येणार नाहीत, आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करायला लावले. १८ ऑगस्ट २०२१ ला नियम आले, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

त्यातला आपल्या कामाचा भाग असा: आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक, यातल्या कशानेही लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट. पूर किंवा भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत ती नाही, अर्थात बँकेने काळजी घेतलेली असायला हवी.

शंभर पट ऐकायला भरघोस वाटतं. हिशेब करा. भाडं वर्षाला ३ हजार असेल तर ३ लाख. आजच्या भावात तीन लाखांत सोनं किती येतं, हे लग्नाच्या खरेदीला नुकतं कुणी गेलं असेल तर त्यांना विचारा. लॉकर जितका लहान आणि शाखा जितकी छोट्या गावातली, तितकं भाडं कमी, आणि म्हणून भरपाईही कमी. आत काय होतं याच्याशी तिचा संबंधच नाही. रिकाम्या लॉकरला आणि वीस तोळे असलेल्या लॉकरला मर्यादा एकच. आमच्या मते या नियमातला सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे, आणि यावर म्हणावी तितकी ओरड झालेली नाही. २०१७ च्या जुईनगरवाल्यांना तर हाही आधार नव्हता, कारण तेव्हा हा नियमच नव्हता.

नियमात बाकीच्या दोन गोष्टी मात्र चांगल्या आहेत. तुमचा लॉकर उघडला गेला की बँकेने एसएमएस आणि ईमेल पाठवायचा, आणि स्ट्राँगरूममध्ये येण्या-जाण्याचं सीसीटीव्ही फुटेज किमान १८० दिवस ठेवायचं. तुमचा मोबाईल नंबर बदलला असेल आणि शाखेत जुनाच असेल तर पहिल्याचा उपयोग शून्य. काही विमा कंपन्या लॉकरमधल्या दागिन्यांचा विमा देतात, पण तिथेही गाडी येऊन थांबते ती पावती आणि मूल्यांकनापाशी. त्यामुळे घरात कुणी पुढच्या वेळी लॉकरवर जाणार असेल तर सोबत जा आणि प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. स्ट्राँगरूममध्ये मोबाईल नेऊ देत नसतील तर दागिने एखाद्या समारंभाला घरी येतील तेव्हा काढा, वजनासकट लिहून ठेवा. आणि तो कागद लॉकरमध्ये ठेवू नका.